दिवेलागणीचा रिपोर्ट

कऱ्हाटीच्या आमच्या माळावरून समुद्र दिसत नाही, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात ज्या गावाचा उन्हाळा जातो, त्याला समुद्र कुठून दिसणार? तरी माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, रोज दिवेलागणीला मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत बसून समुद्र ऐकायचे. गाव त्यांना हसायचं. मीही हसायचे. मी दिलेली इंदापूरकडे, डाळिंबाच्या बागा असलेल्या घरात. महिन्यातून एकदा बारामतीवरून एसटी बदलून माहेरी जायचं आणि बापानं 'शू, बोलू नको' म्हणून हातानंच बसवायचं, हे कुठल्या लेकीला आवडेल?

आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेती खात्यात, वायरलेसवर गेली. मोबाइल नव्हते तेव्हा गावोगावच्या गट ऑफिसात एकेक वायरलेस सेट असायचा. उसाच्या कुठल्या फडात तोड चालू आहे, कुठं ट्रॅक्टर रुतला, कुणाची बैलगाडी उलटली, सगळं आबांच्या कानावरून जायचं. पलीकडून कोण बोलतंय हे त्यानं नाव सांगायच्या आत त्यांना कळायचं. मागं पिठाची गिरणी वाजत असली की हे ऑफिस, शाळेची पोरं ओरडत असली की ते. माणसाच्या आवाजाआधी आबा त्याच्या पाठीमागचा आवाज ऐकायचे.

वायरलेसवाल्यांचे दोन नियम होते. एक, कानात पडलेलं कानातच ठेवायचं. कुणाचा ऊस नंबर डावलून आधी तुटला, हे आबांना पक्कं ठाऊक असायचं आणि आईनं कितीही खोदून विचारलं तरी ते जेवत राहायचे. दुसरा नियम बॅटरी वाचवायचा. समोरच्याचं ऐकलं, समजलं, एवढंच सांगायचं असेल तर बोलायचं नाही. बटण दोनदा दाबून सोडायचं. पलीकडं दोनदा 'खर्र' वाजायचं, म्हणजे पोचलं.

हे दुसरं प्रकरण आमच्या घरात शिरलं ते कायमचं. आईनं 'पानं वाढलीत' अशी हाक मारली की आबा खाटेवर बोटानं दोनदा वाजवायचे. माझ्या धाकट्या भावानं तर ते दुधाबरोबरच प्यायलं होतं. अभ्यास झाला का रे? डब्यावर टक टक. दळण आणलं का? दारावर टक टक. तोंडानं 'व्हय' म्हणायला त्याला काय होत होतं, देव जाणे. आई वैतागून म्हणायची, "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची न्हाय." हंगाम संपला की आमच्याकडं 'कारखान्याचा पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडायच्या दिवशी सगळी गट ऑफिसं एकामागून एक दोनदा बटण दाबून सेट बंद करायची. मग आबा आपल्या हातानं सेटची एरियलची तार गुंडाळायचे.

भाऊ माझ्याहून पुष्कळ लहान. विहिरीत पोहायला शिकलेला पोरगा, समुद्रावर गस्त घालणाऱ्या सरकारी खात्यात लागला. मासेमारीच्या बोटी थांबवायच्या, कागद बघायचे, कोण आलं कोण गेलं यावर नजर ठेवायची. गस्तीच्या बोटीवर त्याला रेडिओचं काम मिळालं. वायरलेसवाल्याचं पोर म्हणून नव्हे, पण आबांनी तो मान आपल्याकडंच घेतला आणि गावभर पेढे वाटले. आई तोवर गेली होती. त्यामुळं पेढे खाऊन झाल्यावर घरात आबा एकटेच उरले.

बोट खोल पाण्यात गेली की मोबाइलला रेंज नसायची. भावाचा फोन आठवडा आठवडा लागायचा नाही. मग आबांनी पुण्याच्या एका माणसाकडून जुना स्कॅनर आणला, त्याच्या परवान्याच्या कागदांसाठी हेलपाटे घातले, आणि पाण्याच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची तार ओढली. स्कॅनर म्हणजे असा रेडिओ, जो आपणहून सगळीकडं कान लावत फिरतो आणि कुठं माणूस बोलताना सापडला की थांबतो. त्याला बोलता मात्र येत नाही. त्याला फक्त कान आहेत, जीभ नाही.

"इतक्या लांबचं हितं कसं ऐकू येईल आबा?" मी म्हटलं. "मधी आख्खा सह्याद्री हाय."

"दिवस मावळताना लांबचं जवळ येतं," ते म्हणाले. "तुला न्हाय कळायचं."

मला नाहीच कळलं. पण आवाज यायचे, हे खरं. उकळत्या भातासारखा रटरटाट, आणि त्यातून मधेच माणसं. कोकणी बोलणारे मासेमार, पापलेटचा भाव विचारणारे, एकमेकांच्या आयाबहिणी काढणारे. इंग्रजीत गुरगुरणारी मोठी जहाजं. संथपणे हवामान वाचणारा कुणी. या गर्दीतून आबांना भावाचं खातं हुडकायचं होतं. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा त्याला विचारून मोकळं व्हायचं, तर नाही.

"त्यानं सांगायचं न्हाय आणि मी इचारायचं न्हाय," आबा म्हणाले. "त्येची नोकरी हाय. मी हुडकीन."

भाऊ हसत जेवत राहिला आणि त्यानं ताटावर बोटानं दोनदा वाजवलं.

हुडकायला त्यांना एक पावसाळा आणि एक हिवाळा लागला. पावसाळ्यात समुद्रावर फारसं कुणी नसतं. म्हणून जे थोडे बोलतात ते सरकारी असणार, हा त्यांचा पहिला हिशेब. दुसरा असा की मासेमाराला मासा सापडेल तेव्हा बोलायचं असतं, पण साहेबाच्या माणसाला वेळेवर बोलावं लागतं. तेव्हा घड्याळ लावून बोलतात ते आपले. तिसरी खूण, आधी किनारा हाक मारतो आणि बोटी नंबरानं ओ देतात. कुणी कुणाचं नाव घेत नाही. शेवटी दिवेलागणीचा एक रिपोर्ट त्यांना सापडला. एकेक बोट येते, आकडे सांगते, गप होते. मग आबा बोटी ओळखायला लागले, त्यांच्या इंजिनांवरून. "ही खोकती," ते एका बोटीला म्हणायचे. "ह्या दुसरीचं पट्टं ढिलं हायेत." आणि एक दिवस एका बोटीतून आकडे आले आणि आबा उठून उभे राहिले. मला फोन करून म्हणाले, "सापडला आपला."

भावाचा फोन पुढं लागला तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, "सर्दी बरी झाली का रं?"

भावानं सर्दीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. मग तो इतका हसला, इतका हसला, की फोन कुणाच्या तरी हातात देऊन पाणी प्यायला गेला असणार.

त्यानंतर काय झालं ते आबांनी मला सांगितलं नाही, ऐकवलं. मी माहेरी गेले होते. दिवेलागण झाली, खोलीत बसवलं मला. रिपोर्ट आला. भाऊ हिंदीत आकडे म्हणत होता, सरकारी, कोरडा आवाज. आकडे संपले. आणि मग न बोलता दोनदा बटण दाबलं गेलं. दोनदा नुसती इंजिनाची घरघर आली, लहानशी, जशी कुणी दार किलकिलं करून लगेच लावून घ्यावं. आबांनी स्कॅनरच्या पत्र्यावर बोटानं टक टक केलं. त्याचं भावाला काहीच ऐकू जाणार नव्हतं. तरी केलं. मी म्हटलं, "आबा, तुमचं दोघांचं डोकं ठिकाणावर न्हाय." आणि पदर डोळ्याला लावायला बाहेर गेले.

भाऊ गेला तेव्हा पावसाळा संपून बोटी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. कागद तपासायला एका मासेमारी बोटीच्या बाजूला लागताना लाट आली आणि तो दोन बोटींच्या मधल्या फटीत पडला. कुणाची चूक नव्हती. निदान आम्हाला कुणाची सांगितली गेली नाही. आबांना फोनच्या आधी कळलं होतं. त्या दिवशी किनारा त्याच्या बोटीला पुन्हा पुन्हा हाक मारत होता आणि बोटीवरून दुसराच माणूस ओरडून बोलत होता. आबांनी सेट बंद केला, इस्त्रीचा सदरा घातला आणि फोनची वाट बघत ओट्यावर बसले. शेजाऱ्यांनी विचारलं, कुठं निघालाय? तर म्हणाले, "कुटं न्हाय."

त्याला सलामी देऊन आणलं, सलामी देऊन जाळलं. रक्षा नरसिंहपूरला नेली, भीमा-नीरेच्या संगमात सोडली. आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. रडले नाहीत. मी मात्र इतकी रडले की पुजाऱ्यानं मलाच बाजूला घेतलं. परत येताना गाडीत आबा म्हणाले, "ह्ये पाणी लई शांत हाय."

पंधरवडा उलटला असेल. आबांचा फोन आला. आवाज बदललेला. "आक्का, वाजलं."

"काय वाजलं?"

"त्येचं. दोनदा वाजलं. रिपोर्ट झाल्यावर. आज पन आणि काल पन."

माझ्या अंगावर काटा आला आणि मग राग आला. मेलेल्या माणसाचं बटण कसं वाजेल? मी नवऱ्याला घेऊन कऱ्हाटीला गेले. खोलीत बसून ऐकलं, तर त्या दिवशी नुसता रटरटाट. आबा म्हणत होते, थांब, थांब, आणि मी त्यांच्याकडं बघत होते. बाप हातचा जातोय असं मला वाटलं. मी फार बोलले. आबा, तो गेला, आता त्या डबड्यात काय हुडकताय? त्यांची पिशवी भरली आणि त्यांना इंदापूरला घेऊन आले. त्यांनी स्कॅनर मांडीवर घेतला होता. तेवढा काढून घ्यायचं धाडस माझ्यानं झालं नाही.

आमच्याकडं स्कॅनर चालेना. आजूबाजूला सगळ्यांच्या मोटारी, स्टार्टर, ठिबकचे पंप, घराघरात स्वस्तातले दिवे. या सगळ्यांची किरकिर त्या सेटमध्ये शिरायची. आबांनी नवी तार आणून बागेत नेऊन बघितली, विहिरीपाशी नेऊन बघितली. मग नाद सोडला. दिवेलागण झाली की ते अंगणात येरझाऱ्या घालायचे, जेवायला बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. मी डाळिंबं सोलून द्यायचे, तर दाणे तसेच वाटीत वाळायचे. मी मनाशी म्हणायचे, सवय होईल. होत नव्हती.

एका दुपारी भावाच्या बोटीवरचा माणूस आला. भावाचं उरलंसुरलं सामान घेऊन आधी कऱ्हाटीला गेला होता, तिथून पत्ता विचारत आमच्याकडं. बिहारकडचा असावा. मराठी भावानं शिकवलेलं, आमच्याच वळणाचं, मोडकंतोडकं. त्यानं बॅग खाली ठेवली, आबांच्या पाया पडला आणि भिंतीला टेकून बसला. मी चहा दिला. पाव्हण्याला बोलतं करायचं म्हणून विचारलं, आता तुमी काय काम करता?

"त्याचंच काम, आक्का," तो म्हणाला. "रेडिओ. त्यानंच शिकवला मला सगळा. कसं बोलायचं, किती थांबायचं. लास्टला दोन वेळा बटन दाबायचं. आपल्या बोटीचा नियम हाय तो. पहिले माझ्या ध्यानातच राहत नव्हता, तो गेल्यावर मी एकदम ध्यानात ठेवतो."

मी आबांकडं बघितलं. आबा बशीतल्या चहाकडं बघत होते.

"चांगलं करतुयास बाळा," ते म्हणाले. "नियम मोडू नगंस."

तो गेल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी मला थांबवलं. मला खरं तर त्या पोराच्या मागं धावत जावं, त्याला सगळं सांगावं असं वाटत होतं. तो नियम नाही रे बाबा, ती आमच्या घरची खोड आहे, आणि तू ती चालवतोयस, तुझे उपकार कसे फेडू?

"न्हाय सांगायचं," आबा म्हणाले. "आता त्यो नियम म्हणून दाबतुया. खरं कळलं की दाबताना त्येला त्यो आठवंल. मग कधी रडंल, कधी लाजंल, एक दिवस सोडून दील. नियम म्हटलं की मानूस सोडत न्हाय. ह्याच्या मागनं दुसरा यील, ह्यो त्येला शिकवंल. मी मरस्तवर ते वाजत राहू दे. माझ्या मागं बी वाजू दे. पोराचं लगीन न्हाय, लेकरू न्हाय. एवढंच हाय त्येचं."

मी त्यांना दुसऱ्याच दिवशी कऱ्हाटीला घेऊन गेले. वाटेत त्यांची माफी मागावी असं फार वाटलं, पण आमच्या घरात माफी मागत नाहीत. एसटीत मी त्यांच्या गुडघ्यावर बोटानं दोनदा वाजवलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली.

त्या हिवाळ्यात मी सारखी माहेरी जायला लागले. नवरा चिडवायचा, "समुद्रावर निघालात का?" दिवेलागणीला मी आणि आबा पत्र्याच्या खोलीत बसायचो. बोटी एकेक करून यायच्या, ती खोकणारी, ती ढिल्या पट्ट्यांची. मग ती आमची. बिहारचा पोरगा आकडे म्हणायचा, त्याचा नऊ जरा नाकातून यायचा. आकडे संपले की आम्ही दोघं श्वास रोखून धरायचो. घरघर, घरघर. आबा पत्र्यावर टक टक करायचे आणि मग म्हणायचे, "चला, भाकरी टाक." जेवण पोटभर व्हायचं. मेल्याशिवाय जात नाही म्हणे खोड! इथं तर माणूस मेला आणि खोड मागं राहिली होती. आई असती तर मी तिला हे हसत सांगितलं असतं.

मग किनाऱ्यावर साहेब बदलला. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, ऐकूनच कळलं. नवा आवाज तरुण होता, करकरीत. एका संध्याकाळी आमच्या बोटीचा रिपोर्ट झाला, दोनदा घरघर झाली, आणि साहेब बोलला. "रिपोर्ट के बाद ये क्या करते हो रोज? फालतू बटन मत दबाओ. समझे?"

आणि बोटीवरून, सवयीनं, दोनदा घरघर.

आबा हसले. भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा, तोंड उघडून, खोकला येईपर्यंत हसले. "बघ, बघ, त्यालाच दाबून दावलं!" मीही हसले. साहेब मात्र हसला नाही. त्यानं बोटीचा नंबर घेऊन सगळ्या बोटींना ऐकू जाईल असं खडसावलं. पोरगा म्हणाला, "जी सर. आगे से नहीं होगा सर."

हसू आमच्या तोंडावरच राहिलं.

"मी त्याला फोन करते," मी म्हटलं. "त्या पोराचा नंबर हाय माझ्याकडं. साहेबाचा बी काढते. सांगते त्याला कुनाचं हाय ते."

"बस खाली," आबा म्हणाले. "कानात पडलेलं कानात. आणि साहेबाचं चुकलं न्हाय. बटन दाबून ठेवलं की दुसऱ्याला बोलता येत न्हाय. कुणी बुडत असलं तर? मी बी दाबू दिलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मला इंदापूरला परतायचं होतं. मी गेले नाही. दिवेलागण झाली. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, भाऊ गेला त्या दिवशीसारखा. बोटी आल्या. आमची आली. पोरगा आकडे म्हणाला, सावकाश, स्पष्ट. नऊ नाकातून. आकडे संपले.

आम्ही थांबलो. साहेबानं पुढच्या बोटीला हाक मारली, तिनं ओ दिली. आबा तरी थांबले. सगळ्या बोटी संपल्या, रटरटाट उरला, आबांचं बोट पत्र्यावर टेकलेलं होतं, वाजवायच्या तयारीत. शेवटी त्यांनी ते उचललं आणि सेट बंद केला.

मग उठून बाहेर गेले. अजून थोडं दिसत होतं. टाकीकडून त्यांनी तार सोडली आणि कारखान्यात गुंडाळायचे तशी, कोपर आणि अंगठ्याच्या मधून, नीट गुंडाळत लिंबापर्यंत आले. मी म्हटलं, राहू द्या आबा, उद्या बघू, एखाद्या दिवशी परत वाजंल. ते तसेच गुंडाळत राहिले.

"पट्टा पडला, आक्का," ते म्हणाले.

आणि लिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसले आणि रडले. संगमावर जे रडले नव्हते, त्याला अग्नी देताना जे रडले नव्हते, ते आता मोठमोठ्यानं, लहान पोरासारखे हुंदके देत रडले. शेजारची माणसं बॅटऱ्या घेऊन पळत आली. काय झालं, कुणाचं काय झालं, असं सगळे मला विचारायला लागले.

मी सांगितलं, आमचा धाकटा गेला.